पिस्तुलावरच्या तीन रेघा

चनमल्लप्पांच्या डोक्याला तेल लागलेलं मी कधी पाहिलं नाही. मैंदर्गीचा माणूस, साठीकडं झुकलेला, केस वाळल्या कडब्यासारखे. त्यांच्या बायकोला, गुरम्माला, याची लाज वाटायची. "लोकांस्नी वाटतंय, यांच्या घरात तेलाचा थेंब न्हाय," ती म्हणायची. पण ज्या दिवशी भट्टीवर भांडं चढायचं, त्या दिवशी चनमल्लप्पा शेंगाचटणीलासुद्धा शिवत नसत. कोरडी भाकरी आणि कांदा, एवढंच. त्यांचं काम बंदुकांना काळं चढवण्याचं. घासून स्वच्छ केलेल्या पोलादावर बोटाचं तेल राहिलं, की तेवढ्या जागी काळं धरत नाही.

सोलापुरात शिवलिंगप्पा नावाच्या एका परवानाधारकाचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. मालक पुढं बसत, चनमल्लप्पा मागच्या पत्र्याखाली. हैदराबादेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून ते काम शिकले होते आणि वीस वर्षं त्याच पत्र्याखाली उभे होते. त्यांची माझी ओळख झाली १९७३ च्या भाद्रपदात, आमच्या पिस्तुलामुळं.

पिस्तूल माझ्या नवऱ्याचं. ते गेल्यावर परवाना मुलाच्या, महादेवच्या, नावावर झाला. आम्ही राहायला सोलापुरात, अडत दुधनीला. दर सोमवारी बाजार उरकून महादेव रोकड घेऊन फटफटीवर परत यायचा. आदल्या वर्षीच्या दुष्काळानं माणसं सैरभैर झाली होती. अक्कलकोटच्या अलीकडं दोघा व्यापाऱ्यांना अडवून लुटल्याचं कानावर आलं होतं, आणि तेव्हापासून सोमवारी दिवेलागणीला मी खिडकीतून हलत नसे. पिस्तुलाचं काळं जागोजागी उडून पांढरं पोलाद दिसू लागलं होतं. मीच महादेवच्या मागं लागले, हे आधी नीट करून घे.

दुकानात मीही गेले. चनमल्लप्पांनी पिस्तूल उघडून एकेक भाग कापडावर मांडला आणि विचारलं, "सावकार, ही ठेवता कुटं?"

"कातड्याच्या म्यानात."

"बाहीर नेताना म्यान ठीक हाय. घरी आल्यावर काढायची. कातडं ओल धरतंय. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा."

"किती वर्षं टिकंल हे काळं?" महादेवनं विचारलं.

"मी चढवून देतो. राखायचं तुमी. हात लागला की पुसायचं, बास. बाकी कायबी करू नका."

"बाकी काय करणार? आरती ओवाळणार?" महादेव हसला. चनमल्लप्पाही हसले. मीही हसले.

काम दोन दिवस चाललं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. महादेवला सांगितलं नाही. माझा जीव थाऱ्यावर नसला की मी असं करते, जिथं काही घडतंय तिथं जाऊन उभी राहते. घासलेले भाग आधी सोड्याच्या पाण्यात उकळून निघाले. त्यानंतर चनमल्लप्पांनी त्यांना हात म्हणून लावला नाही, सगळं लोखंडी तारेच्या आकड्यांनी. कॉस्टिक आणि सोऱ्याचं पाणी लोखंडी भांड्यात खदखदत होतं. गळ्यातलं लिंग त्यांनी सदऱ्याच्या आत नीट सारलं आणि भाग आत सोडले. पोलाद आधी तपकिरी, मग जांभळं, मग काळं झालं. तिथून गार पाण्यात, आणि पुन्हा साध्या उकळत्या पाण्यात तासभर.

"काळं तर झालं की. आता पुन्हा का उकळता?" मी विचारलं.

"सांध्यात सोडा बसलेला असतोय, अक्का. तो न्हाय निघाला तर पंधरा दिसांनी पांढरा फुटतो, आन् त्येच्या मागनं गंज. लई जण हितंच घाई करत्यात."

शेवटी सगळं तेलात बुडवलं. पिस्तूल घरी आलं तेव्हा त्यात माझा चेहरा दिसत होता.

खंडेनवमीला महादेव सकाळीच अडतीत गेला, तिथल्या तराजूची आणि वजनांची पूजा करायला. घरी मी पाट मांडला. विळी, कात्री, नवऱ्याचं जुनं फाउंटन पेन, आणि मधोमध पिस्तूल. नारळ फोडला, त्याच्याच पाण्यात विभूती कालवली आणि तीन बोटांनी पिस्तुलाच्या पात्यावर, म्हणजे नळीवरच्या सरकत्या सपाट भागावर, तीन आडवे पट्टे ओढले. मी बी.ए. झालेली बाई. पण त्या वेळी मनात एवढंच होतं, की हे माझ्या मुलाच्या कमरेला असणार आहे, यानं त्याला राखावं. लावलेली विभूती पुसायची नसते, असं आमच्याकडं मानतात. दसऱ्याला पाटावरून उचलून मी पिस्तूल तसंच म्यानात सरकवलं.

महादेवनं ते त्यानंतर तीनदा दुधनीला नेलं आणि तीनदा आणलं, म्यानासकट. वाटेत बाहेर काढायची वेळ आली नाही, आणि घरी आल्यावर म्यानातून काढायचं राहूनच गेलं. दिवाळीच्या आधी त्यानं तेलाचं फडकं घेऊन म्यान उघडलं आणि मला हाक मारली.

पात्यावर गंज आला होता. भस्म कातड्याला घासून केव्हाच निघून गेलं होतं. राहिले होते तीन लालसर पट्टे, एकाखाली एक, कडेला पसरलेले. महादेवला नुसता गंज दिसला. मला माझी बोटं दिसली.

"दोन महिने नाही झाले," तो म्हणाला. "म्हाताऱ्यानं फसवलं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "जेवून जा." तो न जेवताच पिस्तूल घेऊन दुकानात गेला.

संध्याकाळी आला तो शांत होऊन, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मालकानं पिस्तूल ठेवून घेतलं होतं. पुढच्या शनिवारी समोरासमोर बघू, तोवर चनमल्लप्पांना काम नाही, आणि त्यांचं काम कच्चं ठरलं तर कायमचं घरी बसवू, असं सांगितलं होतं. मधल्या सोमवारी महादेव दुधनीला गेला आणि अडतीच्या सगळ्या ओळीत बोलून आला, त्या दुकानात हत्यार देऊ नका, कारागिराचे डोळे गेलेत. दोघांनी काळं करायला दिलेल्या आपल्या बंदुका तशाच परत नेल्या, हे मला गुरम्माकडून कळलं. भाजीच्या गाडीपाशी ती म्हणाली, "वीस वर्सांत कुणी बोट दावलं न्हवतं. आता हे घरात बसूनश्यान आपल्या हाताकडं बघत्यात." ती माझ्याकडं तक्रार करत नव्हती. मी कोण ते तिला माहीत होतं, तरी नुसतं सांगत होती. मी पिशवीत मेथी भरली आणि घरी आले.

चार दिवस मी मनात वाक्यं जुळवली. महादेवसमोर गेलं की एकही यायचं नाही. पोर काय म्हणेल, ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती वेगळी होती. ज्या हातानं त्याचं राखण मागितलं, त्याच हातानं त्याचं हत्यार खराब झालं, हे तोंडानं म्हटलं की खरं होईल, असं काहीतरी वाटत होतं.

शनिवारी मी त्याच्यामागून निघाले. "तू कशाला?" तो म्हणाला. मी चालत राहिले.

दुकानात मालक, आणखी दोन गिऱ्हाइकं, आणि बाकावर चनमल्लप्पा. मालक म्हणाले, "चनमल्ला, वय झालं तुझं. सोडा धुतला नसशील. कबूल कर, विषय मिटंल."

चनमल्लप्पांनी पिस्तूल उघडलं, स्क्रू काढले, आणि खोबणी, सांधे, स्क्रूची भोकं एकेक करून उजेडाकडं धरली. सगळीकडं काळं कुळकुळीत होतं.

"सोडा राहिला असता तर हितनं फुटला असता, मालक. सांध्यातनं. आतनं बाहीर. हे बाहीरनं आत गेलंय."

"मग बाहेरनं काय लागलं?" महादेवनं विचारलं. "मी तेल सोडून काही लावलं नाही."

चनमल्लप्पांनी भिंग लावून पात्याकडं पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर सकाळचे तीन पट्टे होते. भिंग खाली ठेवताना ते म्हणाले, "ज्यानं लावलं त्येला ठावं."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" महादेव पुढं सरकला. मालकानं मध्ये हात घातला.

"मी लावलं," मी म्हणाले.

माझा आवाज इतका हळू निघाला की पुन्हा सांगावं लागलं. खंडेनवमी, नारळाचं पाणी, विभूती, न पुसता म्यानात ठेवलं, सगळं. दोन गिऱ्हाइकांपैकी एकानं घसा खाकरला. महादेव माझ्याकडं बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहानपणी ताप चढला की तो असा दिसायचा.

मालकानं लगेच हात झटकले. "झालं तर. देवाचं काम, त्यात कुणाची चूक? चनमल्ला, घे, पुन्हा काळं करून दे. उद्यापासून नेहमीसारखं कामावर."

"घेतो की. पर आजच न्हाय," चनमल्लप्पा म्हणाले. मग महादेवकडं वळले. "सावकार, हितं बोलला ते हितं फिटलं. दुधनीला बोलला त्येचं काय?"

महादेव बाहेर रस्त्याकडं बघू लागला.

"भट्टी पेटवीन. पर त्या दोगांच्या बंदुका माझ्या डोळ्यांस्नी नाव ठिवून गेल्यात. तेवढं उतरल्याबगर मला हितं उभं ऱ्हाता येत न्हाय."

महादेवचा स्वभाव मला माहीत आहे. भर बाजारात मान खाली घालणारा तो नव्हे. त्याच्या बापानंही कधी घातली नव्हती. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी होते.

"सोमवारी सांगतो," शेवटी तो म्हणाला.

"मीबी येतो. ऐकाया."

त्या सोमवारी फटफटी घरीच राहिली. दोघं एसटीनं गेले. हत्यार दुकानात होतं, आणि माझा मुलगा त्या रस्त्यावरून रिकाम्या कमरेनं येणार होता. मी खिडकीत उभी होते, पण या वेळी लुटारूंचं भय मनात आलंच नाही. तिथं काय बोलणं होतंय, तो शब्द पाळतो की चनमल्लप्पांना तिथंच सोडून एकटा परत येतो, हेच घोळत होतं.

दोघं बरोबर आले. चनमल्लप्पा दारातच थांबले. मी आत बोलावलं, तर म्हणाले, "नगं अक्का, गुरम्मा वाट बगत बसलीया."

"तुम्हाला आधीच कळलं होतं ना?" मी विचारलं.

"पयल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर म्हणले असते, आपली चूक झाकाया विभूतीवर घालतोय. तुमचं पोरगं आनिक पेटलं असतं."

ते गेल्यावर महादेवनं पायातल्या चपला काढल्या आणि पायरीवरच बसला. म्हणाला, ओळीतल्या प्रत्येक अडतीपुढं उभं राहून सांगितलं. लोक हसले, एकानं चहा पाजला. "माझ्या आईनं, असं म्हणायला गेलो, तर चनमल्लप्पांनी माझा दंड धरला. घरातलं घरात असू द्या, माझं काम पक्कं होतं एवढंच सांगा, म्हणाले. तेवढंच सांगितलं."

परत नेलेल्या दोन बंदुकांपैकी एक पुढं दुकानात आली. दुसरी आली नाही. तो माणूस आजही म्हणतो, धूर असतो तिथं काहीतरी असतंच. त्याला एवढंच सांगितलं गेलं की चनमल्लप्पांचं काम पक्कं होतं. मग चूक कुणाची, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही.

ती विभूती मी लावली होती. माझं नाव दाक्षायणी. चनमल्लप्पांच्या कामात काही खोट नव्हती.