मधातलं दाखवा

दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एकमेकांना भिडवायच्या, मग हळूच दूर न्यायच्या आणि मधल्या रिकाम्या जागेकडे डोळे बारीक करून पाहायचं. आमचे ग्रेडर हे चहा येईपर्यंत करत, बसची वाट पाहताना करत, मयताला गेले तरी करत. बोटांत काही नसे. सगळी नोकरी ज्या बोटांनी कापसाचा धागा ओढून पाहिला, ती बोटं निवृत्त झाली हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी वर्ध्याच्या कापूस बाजारात काट्यावर होतो. गाडी काट्यावर चढली की वजनाची चिठ्ठी फाडायची, एवढंच माझं काम. त्यांचं काम मोठं. कोणाचा कापूस कोणत्या प्रतीचा हे ते ठरवत. बाजार सुटला, तरी आमची नावं बाजारातलीच राहिली. मी त्यांना ग्रेडर म्हणायचो, ते मला काटेवाले म्हणायचे. पुढे मी घर बांधलं तेही नेमकं त्यांच्या गल्लीत, त्यामुळे सुटका दोघांचीही झाली नाही.

गाडीत वरच्या थराला पांढराशुभ्र कापूस असतो आणि ओला, डागी कापूस खाली दडवलेला असतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. यात शेतकऱ्याला नावं ठेवायचं कारण नाही. पाहुणे आले की आपणही चांगल्या बशाच काढतो. ग्रेडर गाडीवर चढत आणि म्हणत, "वरचं सोडा, मधातलं दाखवा." मग कोपरापर्यंत हात खुपसून पोटातला पुंजका काढत, धागा ओढत आणि निकाल देत. दोन श्वास, बस्. सख्ख्या मेव्हण्याची गाडी त्यांनी खालच्या प्रतीत टाकली होती आणि त्या वर्षी दिवाळीला सासुरवाडीहून फराळ आला नव्हता. त्यांचा एक नियम होता. ज्या ढिगात हात घातला, त्याचा निवाडा केल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही.

असा हा माणूस एक जुना, वापरलेला फोन घ्यावा की घेऊ नये, यात दीड महिना अडकून पडला, आणि सोबत मलाही घेऊन पडला.

आता यात इतकं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही आधी तेच म्हणालो होतो.

ग्रेडरची बायको वारल्यावर ते एकटेच राहत. मुलगी नाशिकला. तिची मुलगी मैत्री, वय वर्षं दहा. मैत्रीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, शाळाही तशीच आहे. अशा नातीशी फोन कानाला लावून काय बोलणार? तिच्याशी बोलायचं तर पडद्यावर ती दिसायला हवी आणि तिला हे दिसायला हवेत.

गेली चार वर्षं दर रविवारी दहा वाजता ग्रेडर अंगणात लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून उभे राहत आणि हात हवेत फिरवत. समोरच्या वहिनींना वाटलं, म्हातारपणी योगासनं सुरू केली. मी चौकशीला गेलो तेव्हा त्यांनी मला शेजारी उभं केलं. फोन इतका जुना की त्या पडद्यावर बोटांच्या शेवया दिसत. म्हणून आजोबा आणि नात बोटांनी बोलतच नसत. खांद्यापासून आख्खा हात वापरायचा, सावकाश, मोठं मोठं. अशा खाणाखुणांनी त्यांनी आपली एक भाषा बसवली होती. ऐकू न येणाऱ्या लोकांत प्रत्येक माणसाला खुणेचं एक नाव असतं. मैत्रीने आजोबांचं नाव ठेवलं होतं ते तेच, अंगठे भिडवून धागा ओढायचं. ते सांगताना ग्रेडरचा चेहरा असा झाला होता की मी उगाच बरणीतल्या लोणच्याकडे पाहत राहिलो.

मग त्या फोनवर एक निरोप उमटला. व्हिडिओवर बोलायचं ते ॲप पुढच्या महिन्यापासून या फोनवर चालणार नाही, फोन फार जुना झाला. ग्रेडरनी तो निरोप मला तीनदा वाचायला लावला.

"काटेवाले, एक सांगा मले," ते म्हणाले, "फोन चालू हाय, ॲप चालू हाय, मी चालू हाय. मंग बंद काऊन होते?"

माझ्याकडे टच फोन त्यांच्याआधी आला होता, एवढ्या भांडवलावर मी गल्लीत जाणकार समजला जायचो. मी म्हटलं, नवा घ्या. आम्ही नवे पाहिले. त्यांच्या ऐपतीतल्या नव्या फोनमध्ये बोटं पुन्हा शेवयांसारखीच दिसत. मग बसस्टँडजवळच्या दुकानातल्या ताईंनी जुन्या फोनचं सुचवलं. त्या बाई फोन दुरुस्त करतात, वापरलेले विकतातही. एकेकाळी फार महाग असलेला एक फोन त्यांनी काचेखालून काढला. कॅमेरा असा की बोटावरची रेघ न् रेघ दिसावी. पण चार वर्षं वापरलेला, बॅटरी थकलेली, आणि आणखी दोन वर्षांनी त्यावरही तसाच निरोप येणार नाही, याची खात्री कोणी देईना.

झालं. तिथून आमच्या डोक्याचं भरीत सुरू झालं. जावई म्हणाले, नवा घ्या, जुना म्हणजे दुसऱ्याचं दुखणं. माझा मुलगा म्हणाला, जुनाच घ्या, नवा स्वस्त म्हणजे पहिल्या दिवसापासून दुखणं. मला सकाळी एक पटायचं, संध्याकाळी दुसरं. मी माझं मत इतक्यांदा फिरवलं की ग्रेडर मला आधी विचारत, "आज तुमी कोणत्या बाजूनं हाय?" माझ्या फोनवरून नातीशी बोला, असं मी दहादा सुचवलं. पण आपलं वजन दुसऱ्याच्या काट्यावर करायचं नाही, असा त्यांचा खाक्या.

त्या दुकानात आम्ही चारदा गेलो. कॅमेरा तपासायचा म्हणून त्यांनी मला रस्त्यापलीकडे उभं केलं आणि बोटं नाचवायला लावली. मी बोटं नाचवली. दोन ऑटो थांबले, एकाने बॅग कुठे आहे असं विचारलं. इकडे ग्रेडर पडद्यात पाहून मान हलवत होते. बोटं स्वच्छ दिसत होती. घ्यायला हरकत नव्हती. तरी त्यांनी फोन हातात तोलला, उलटा केला, नखाने कड चाचपली आणि मला ज्याची भीती होती तेच बोलले.

"वरचं सोडा ताई. मधातलं दाखवा."

ताईंनी समजावलं. हा फोन अजून उघडलेला नाही. एकदा उघडला की पहिल्यासारखा चिकटत नाही, पाण्याची भीती राहते, आणि मग गिऱ्हाईक हात लावत नाही. ग्रेडर ऐकेनात. पोटात काय आहे ते पाहिल्याशिवाय माल घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बाई भिडस्त. त्यांनी गरम हवा मारली, पातळ पातीने कड सोडवली आणि मागचं झाकण उचललं.

ग्रेडर वाकले. मीही वाकलो. आत काळी बॅटरी होती, हिरव्या पट्ट्या होत्या, राईएवढे स्क्रू होते. त्यांनी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. त्यांची बोटं आपोआप एकमेकांना भिडली आणि तिथेच थांबली. ओढायला धागा नव्हता.

"मले काई समजून नाई राह्यलं," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ताईंना नमस्कार करून ते पायऱ्या उतरले. ढिगात घातलेला हात निवाडा न करता बाहेर आला होता, आणि परतताना सबंध रस्ताभर ते तो हात खिशात घालून चालले. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. आधी कोणतं, ते अजून ठरत नाही.

असं करता करता तो महिना लागला. रविवारी दहा वाजता ॲप उघडेना. मी माझ्या ओट्यावरून पाहत होतो. ग्रेडर बरणीसमोर उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. मग साधा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला. मुलीशी दोन शब्द बोलले असतील. पुढे ते बोलेनासे झाले, नुसते ऐकत राहिले, आणि त्यांचा मोकळा हात हळूहळू वर आला आणि खुणा करू लागला.

मी धावत गेलो. मुलीने फोन मैत्रीजवळ धरला होता. पलीकडून फक्त तिच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि इकडे हा माणूस कोणालाच न दिसणारं काहीतरी तिला सांगत होता. मी त्यांना विचारलं नाही. माझा फोन काढला, नाशिकचा नंबर लावला आणि बरणीला टेकवला. या वेळी त्यांनी काट्याची गोष्ट काढली नाही.

माझ्या फोनवर मैत्री स्वच्छ दिसली. तिने आधी मूठ उंचावून जय भीम केलं, मग धागा ओढला, मग नेहमीसारखे मोठे, सावकाश हात फिरवायला लागली. ग्रेडरनी तिला थांबवलं. खुणेनेच सांगितलं, आता मला सगळं दिसतं, तू तुझं तुझं बोल. तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. आणि पोरगी बोलायला लागली.

काय सांगू तुम्हाला. बोटं, मनगट, भुवया, गाल, सगळं एकदम. भाकरी थापणाऱ्या बाईच्या हातासारखी गती. शाळेतलं काहीतरी असावं, कोणाशी तरी भांडण झालेलं असावं, कारण मध्येच ती चिडली आणि मध्येच हसली. बोटाची रेघ न् रेघ दिसत होती आणि ग्रेडरना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. त्यांनी पुन्हा सांग म्हटलं. तिने पुन्हा सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने हात परत मोठे केले, सावकाश, आजोबांसाठी.

मुलगी मागून म्हणाली, "बाबा, ती तुमच्याशी वेगळंच बोलते. तुमच्यापुरतं."

फोन बंद झाल्यावर ते पायरीवर बसले. मी म्हटलं, बरणी आत नेऊ का? ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "काटेवाले, चार वर्षं झाली, मी वरचंच पाहून राह्यलो होतो."

मी म्हटलं, मग तो जुना फोन घेऊन टाकू, रोज बोला, शिकाल हळूहळू. माझं मत त्या दिवशी जुन्याच्या बाजूने होतं. त्यांनी दोन श्वास घेतले. मला ते दोन श्वास ओळखू आले, कापूस बाजारातले.

"नाशिकले जातो," ते म्हणाले. "तिच्या मधात राह्यलो तर समजन."

आठ दिवसांत त्यांनी आवराआवर केली. घराची किल्ली माझ्याकडे दिली. मी सोडायला बसस्टँडवर गेलो, तर ऑटोतून उतरून हे गृहस्थ बसकडे न जाता ताईंच्या दुकानात शिरले. तो फोन काचेखाली तसाच होता. चार गिऱ्हाइकं येऊन गेली, ताई म्हणाल्या, पण कधी उघडला होता का असं विचारलं की त्यांना खोटं बोलवत नाही. ग्रेडर म्हणाले, "हात मी घातला होता, तर माल बी माझाच." आणि त्यांनी तो फोन घेतला. नातीसाठी फोन हवा होता तेव्हा दीड महिना घेतला नाही, आणि नातीकडे राहायला निघाले त्या दिवशी घेतला. तुम्हाला यात काही अर्थ लागत असेल तर मला सांगा. मी बस सुटेपर्यंत विचार करत होतो आणि बस सुटल्यावर लक्षात आलं की चहा प्यायचा राहून गेला, आणि आता कोणासोबत प्यायचा हा प्रश्नच आहे.

त्यांच्या अंगणात आता मी पाणी घालायला जातो. तुळस आहे, एक पेरू आहे. बरणी मी आत नेली नाही.

गेल्या रविवारी दहा वाजता मी तिथेच होतो, तर माझा फोन वाजला. त्या उघडलेल्या फोनवरून. आजोबा आणि नात शेजारी शेजारी बसलेले. ग्रेडरची बोटं लहान लहान हलत होती, चुकत होती, आणि मैत्री त्यांचं बोट धरून सरळ करत होती, आपण पोराच्या हातात पेन्सिल धरून देतो तसं. दोघं आपसात काही बोलले. मला काही कळलं नाही. मग ती माझ्याकडे वळली आणि मोठे, सावकाश हात करून तिने दोन तळवे समोर धरले, एक खाली नेला, एक वर.

"तुमचं नाव ठेवलं तिनं," ग्रेडर म्हणाले. "काटा."

मला त्यांच्या भाषेतला एकच शब्द येत होता. मी बरणीला फोन टेकवला, अंगठे भिडवले आणि हळूच दूर नेले. मधल्या रिकाम्या जागेत ते दोघं दिसत होते.