हात मांडीखाली दाबून

बाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ कचरते. त्यांचं माहेर कुठलं, शिक्षण किती, लांबच्या गावी दिलेल्या मुलीला मुलंबाळं काय, यातलं मला काही ठाऊक नाही. त्यांच्या कँटीनमधल्या मोठ्या शेगडीचा डावा बर्नर थंडी पडली की रुसतो, हे मात्र पक्कं ठाऊक होतं. मी शेगड्या दुरुस्त करणारा माणूस. ज्यांच्याकडे जातो त्यांच्या ज्योतीकडे बघतो. चेहऱ्याकडे बघायचा मला अजूनही संकोच वाटतो. तेव्हा हे सगळं शेगडीच्या उंचीवरून दिसलेलं आहे, एवढं वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

छापखान्याच्या मागच्या बाजूला त्यांचं कँटीन होतं. मी खाली वाकून बर्नरचं जेट, म्हणजे गॅस येतो ते बारीक भोक, साफ करत असायचो आणि माझ्या नाकासमोरून त्यांच्या चपला सारख्या जात-येत असायच्या. ओट्याकडून दाराकडे, दाराकडून मोरीकडे, मोरीतून पुन्हा ओट्याकडे. गिऱ्हाईक नसलं तरी तेच. जेवायच्यासुद्धा उभ्यानेच, ताट ओट्यावर आणि एक हात पातेल्याच्या झाकणावर. धंद्यातल्या इतर बायका त्यांना भिंगरी म्हणायच्या. मी बाई म्हणायचो.

"बाई, बसा की घटकाभर," मी एकदा धीर करून म्हटलं.

"बसलं की उठावं लागतं, मिस्त्री. त्यापेक्षा उभीच बरी."

खाण्याच्या धंद्यातल्या बायकांचा आमच्याकडे एक गट होता. कुणी खानावळ चालवायची, कुणी केक करायची, कुणी डबे पोचवायची. स्वतःला त्या उतू मंडळ म्हणवून घेत, कारण एकीचं बोलणं खाली बसायच्या आत दुसरीचं उतू जायचं. दुपारची जेवणं उरकली की खानावळवालीच्या मागच्या खोलीत त्या जमायच्या. कुणाची साठी, कुणाच्या मुलाची नोकरी, काहीही निमित्त चालायचं. अधूनमधून वृद्धाश्रमात नाहीतर अंधशाळेत जेवण द्यायच्या. एकाच रंगाचे एप्रन घालायच्या आणि शेवटी फोटो काढायच्या. त्या जमल्या की काहीतरी पेटवणार आणि मोठा बर्नर नेमका तेव्हाच दगा देणार, म्हणून मलाही बोलावणं असायचं. मी कोपऱ्यात हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसायचो.

दुसरीच्या हातचं खाताना प्रत्येकीचा चेहरा नाडी बघणाऱ्या डॉक्टरसारखा होई.

"छान झालंय हं," एक म्हणायची.

"काय कमी आहे ते सांग सरळ," दुसरी म्हणायची.

मग बाईंचे यजमान आजारी पडले. मोठ्या दवाखान्यात बरेच दिवस होते. कँटीनला कुलूप लागलं. मंडळाने लगेच पाळ्या लावल्या, रोज दुपारी एकीचा डबा. एकदा खानावळवालीला वेळ नव्हता, म्हणून तिने डबा माझ्या हाती दिला. वॉर्डाबाहेरच्या लांब बाकावर बाई बसल्या होत्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या आणि खाली पाय थरथरत होते, यंत्र चालू राहावं तसे.

"डबा आणलाय."

"ठेवा."

"गरम आहे, जेवून घ्या."

"जेवते." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मिस्त्री, इथे कुठे शेगडी आहे का हो?"

मला वाटलं दुरुस्तीचं काम आहे. "काय झालंय तिला?"

"काही व्हायला ती असायला तर हवी! यांना माझ्या हातचा मऊ भात हवाय. कालपासून तेवढंच मागतायत. घर इथून दोन बस बदलून. आणेपर्यंत गार होतो, आणि गार यांना जात नाही."

"डब्यात मऊ भातच आहे."

"आहे ना. चांगलाच असणार, ती वाईट कधी करत नाही. पण तो तिच्या हातचा. नुसतं बसवत नाही हो. हात नुसते वळवळतात. परवा नर्सबाईच्या ट्रेमधल्या वाट्या लावायला गेले, तर ओरडा खाल्ला. म्हणून दाबून बसते."

उगाच बाकाचा खिळा ढिला आहे का ते चाचपून मी परत आलो.

यजमान गेले. कँटीन पुन्हा उघडलं. मी शेगडी बघायला गेलो तेव्हा चपला पूर्वीपेक्षा जोरात फिरत होत्या. स्वच्छ पातेली पुन्हा घासली जात होती.

पुढच्या खेपेला मंडळ जमलं तेव्हा खानावळवालीने बसल्या बसल्या जाहीर केलं, "यंदा आपण दवाखान्यात जायचं. पेशंटच्या नातेवाइकांना जेवण. भलं मोठं पातेलं, गरमागरम. भिंगरीच्या यजमानांच्या आठवणीला. ठरलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "जेवण नको."

"काय नको?"

"जेवण. आपण त्यांना शेगडी देऊ या."

"शेगडी खायची कशाशी?" केकवालीने विचारलं आणि एकच हशा पिकला.

बाई हसल्या नाहीत. दवाखान्यात धुलाईच्या खोलीला लागून एक खोली रिकामी पडली आहे, आपण मेट्रनबाईंना विचारून आलो आहोत, तिथे शेगड्या आणि भांडी ठेवू, ज्याला आपल्या माणसासाठी काही करायचं असेल त्याने तिथे करून न्यावं, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

खानावळवालीचा चेहरा उतरला. "म्हणजे आम्ही इतके दिवस डबे आणले ते तुला गोड लागले नाहीत, असं सरळ म्हण ना."

"लागले गं. सगळे लागले. पण डबा धुऊन तुला परत दिला की माझे हात मोकळेच. तिथे मोकळ्या हातांनी बसून बघ एकदा."

"आणि मग आम्ही काय करायचं? शेगडीशेजारी उभं राहून फोटो काढायचा?"

"काढा की. शेगडी नाही म्हणणार नाही."

खानावळवाली बराच वेळ पदराने टेबल पुसत राहिली, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "मिस्त्री, ऐकलंत ना? शेगड्या बसवायच्यात. असे काय बसलात पाहुण्यासारखे?"

मेट्रनबाईंची अट एकच होती, पण कडक. दवाखान्याचं कँटीन ठेक्याने दिलेलं होतं आणि ठेकेदाराने आधीच कुरकुर सुरू केली होती. तेव्हा एक रविवार करून बघायचं. शिजवायचं ते फक्त नातेवाइकांनी. मंडळातल्या एकीनेही पातेल्याला किंवा चमच्याला हात लावला, तर ती खानावळ झाली. मग खोली परत जाणार आणि तिथे मोडक्या खाटा भरल्या जाणार.

"त्यात काय अवघड आहे?" केकवाली म्हणाली.

रविवारी सकाळी मी नळ्या जोडल्या, साबणाचा फेस लावून गळती तपासली, ज्योती निळ्या करून दिल्या. खोलीला एक खिडकी होती आणि शेजारच्या धुलाईचा सोड्याचा वास येत होता. ठेवणीतले कपडे घालून मंडळ हजर झालं. कांदे, बटाटे, तांदूळ, अंडी, सगळं टोपल्यांत मांडून ठेवलं. आणि मग कुणीच येईना. बाई खिडकीशी जायच्या, दाराशी यायच्या, टोपलीतला कांदा उचलून दुसऱ्या टोपलीत ठेवायच्या.

"आता त्या कांद्यालाही चक्कर येईल," केकवाली म्हणाली.

शेवटी एक ट्रक ड्रायव्हर आला. दारात मावेना असा आडदांड माणूस. बायको वरच्या वॉर्डात होती. तो चपला बाहेर काढून आत आला आणि म्हणाला, "इथे करता येतं म्हणे. तिला कांदा घातलेलं अंडं करून द्यायचंय. मला येत नाही तसं."

खोलीतल्या सगळ्या बायका एकदम पुढे सरकल्या. बाई त्यांच्या आडव्या आल्या. "सगळ्या बाकावर बसा. हात मांडीखाली."

"हा काय खुळेपणा?"

"दाबा आधी, मग बोला."

भिंतीकडेच्या बाकावर सगळ्या ओळीने बसल्या, शाळेत उशिरा आलेल्या मुलींसारख्या. बाई टोकाला बसल्या. ड्रायव्हरने कांदा घेतला. त्याने तो कसा चिरला हे मी सांगू शकत नाही, कारण त्याला चिरणं म्हणत नाहीत.

"चिरतोय की लाकूड फोडतोय?" केकवाली पुटपुटली.

"गप्प."

त्याने तेल ओतलं, आच पूर्ण वाढवली आणि कांदा टाकला. खानावळवाली बाकावर अर्धी उठली. "अहो, आच—"

"खाली बस," बाई म्हणाल्या.

ड्रायव्हर पाठमोरा होऊन अंडं फोडायला वाटी शोधू लागला. वाटी त्याच्या समोरच होती. कढईत कांदा आधी गुलाबी, मग तपकिरी झाला आणि पुढे कडा काळ्या पडू लागल्या. बाकावरून एक बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. मी नळी बघायला कढईशेजारीच वाकलो होतो. गॅसचा कॉक माझ्या हाताला लागत होता. जरासा फिरवला असता तर कुणाला कळलंही नसतं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचे पाय बाकाखाली नुसते नाचत होते आणि चेहऱ्यावर घाम फुटला होता. अंग उठायला निघालं होतं, ते त्यांनी स्वतःच्याच वजनाने पुन्हा हातांवर बसवलं.

"मिस्त्री," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हीपण नाही."

मी हात मागे घेतला.

धूर खोलीभर झाला तेवढ्यात दारात मेट्रनबाई उभ्या. "काय जळतंय इथे?"

"कांदा," ड्रायव्हर ताठ उभा राहून म्हणाला.

"कुणी जाळला?"

"मीच."

मेट्रनबाईंनी बाकाकडे नजर वळवली. एकीचेही हात दिसत नव्हते. "तुमच्यापैकी कुणी काही केलं?"

खानावळवालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, धुराने की कशाने कोण जाणे. ती उसळून म्हणाली, "आम्ही काही केलं असतं तर असा वास सुटला असता का, मॅडम? इतक्या जणींच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

मेट्रनबाई कढईजवळ गेल्या, आत डोकावल्या आणि नाक मुरडून मागे झाल्या. "पटलं," त्या म्हणाल्या. "खोली ठेवा तुमच्याकडे. खिडकी मात्र उघडी असू द्या."

ड्रायव्हरने त्या काळ्या कांद्यावरच अंडी ओतली, ताटलीत काढली आणि दोन्ही हातांत धरून वर घेऊन गेला. तो परत येईपर्यंत कुणी घरी गेलं नाही.

"काय म्हणाली?" तो दिसताच बाईंनी विचारलं.

"करपलंय म्हणाली."

"खाल्लं?"

"निम्मं खाल्लं, निम्म्याच्या शिव्या दिल्या." तो ताटली धुवायला लागला. "परवापासून तोंडातून शब्द काढत नव्हती. उद्या कसं करायचं ते सांगितलंय."

"कसं?"

"आच बारीक ठेव म्हणाली."

"मी तेच सांगत होते की हो मघापासून!" खानावळवाली ओरडली, आणि मग मात्र सगळ्या हसत सुटल्या. बाईसुद्धा हसल्या. पाय तेवढे थांबले नव्हते.

ते कधी थांबलेच नाहीत. मला वाटलं होतं, खोली मिळाली की त्या जरा निवांत होतील. तसं काही झालं नाही. कँटीन बंद केलं की रोज संध्याकाळी त्या खोलीवर यायच्या आणि बाकावर टोकाला बसायच्या, हात मांडीखाली. कुणाचा भात लागायचा, कुणाचा बटाटा कच्चा राहायचा. विचारल्याशिवाय त्या सांगायच्या नाहीत. मंडळाने अप्रूप संपल्यावर महिन्यातून एकदा यायचं ठरवलं. खानावळवाली मात्र अधूनमधून चोरून यायची, दारातूनच वास घ्यायची आणि कपाळाला हात लावून निघून जायची.

"इथे बसून तुम्हाला त्रासच होतो," एकदा मी म्हटलं. "मग येता कशाला?"

"होतो ना. घरी पातेलं मोकळं असतं, चमचा धरायला कुणी अडवत नाही." त्या एका म्हाताऱ्याचं दूध ढवळणं बघत होत्या. "पण घरी आता वाट कोण बघतंय?"

पुढे गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांनी कँटीन दुसऱ्या कुणाला दिलं आणि मुलीकडे राहायला गेल्या. तिथेच वारल्या. मला कळलं ते खानावळवालीच्या ओट्याखाली शिरून नळी बदलताना. वरून तिचा आवाज आला, "भिंगरी गेली हो, मिस्त्री." मी नळी पुरती घट्ट करूनच बाहेर आलो. काय आजार होता, तिथे त्यांना स्वयंपाक करू देत होते की नाही, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

मुलीकडे कायमच्या निघाल्या त्या दिवशी, बसच्या आधीही, त्या खोलीवर आल्या होत्या. बॅग पायाशी होती. मी रोजचं काम आटोपून निघालो होतो.

"मिस्त्री, कोपऱ्यातली ज्योत पिवळी दिसतेय."

"उद्या बघतो, बाई."

"उद्या कशाला? पिशवी तर हातातच आहे तुमच्या."

मी खाली बसलो. शेगडीपाशी कुणा पेशंटची मुलगी धुतलेल्या तांदळाचं पातेलं धरून उभी होती. मी बर्नर काढला, जेटमधली काजळी तारेने साफ केली, पुन्हा बसवून पेटवलं.

"झाली निळी?"

"झाली."

"मग व्हा बाजूला. तिला भात टाकायचाय."