डाव्या कानातली लढाई

पासष्टच्या लढाईत माझा डावा कान कामी आला, असं मी तीन महिने मानत होतो. लढाई सरहद्दीवर होती आणि मी जबलपुरात, घमापूरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आईबरोबर राहत होतो, ही गोष्ट वेगळी.

आमच्या फॅक्टरीत तोफगोळे बनायचे. ते ज्यात भरून पाठवत, ते लाकडी खोके मी ठोकायचो. दिवसभर फळी, खिळा, हातोडी. पण भरती होताना सगळ्यांकडून लिहून घेतलं होतं, की आतलं बाहेर बोलायचं नाही. त्यामुळे शेजारच्या काकूंनी "काय बनवता जी तुम्ही?" विचारलं, की मी मान खाली घालून म्हणायचो, "सांगता येत नाही." यात खोटं काहीच नव्हतं. (मान खाली घालण्याची मात्र सक्ती नव्हती.)

उरलेलं काम आईनं केलं. नळावर तिनं सांगून टाकलं, "माहा वसंता गोळ्यात बारूद भरते. चिमूटभर इकडची तिकडे झाली, तं अर्धं जबलपूर साफ." आठवड्याभरात माझ्याजवळ कुणी बिडी पेटवेना. मी दिसलो की पानवाला टपरीवरची जळती सुतळी विझवायचा. हळूहळू माझ्याच हातांना बारुदाचा वास येऊ लागला. (तो वास कसा असतो, मला आजही माहीत नाही. हाताला फळ्या चिकटवायचा सरस लागलेला असायचा.) आणि एका सकाळी डावा कान बंद झाला.

"धमाक्यानं," आई म्हणाली. मी मान हलवली. धमाका झाल्याचं मला जवळजवळ आठवलंसुद्धा.

इथवर ठीक होतं. पण गढा मोहल्ल्यातल्या कुसुमला गणपतीत पाहिल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि रविवारी तिचे वडील बोलणी करायला आले. रेल्वेतले नानाजी, शांत माणूस. आईनं पोहे दिले आणि पाठोपाठ माझा कान दाखवला.

"देशासाठी गेला जी."

नानाजींनी बशी खाली ठेवली. "बाई, पोरगा चांगला आहे. पण आज कान गेला, उद्या पूर्ण पोरगाच गेला तं? बारूदवाल्याले मुलगी नाही द्यायची."

कुसुमपुढे लिहून दिलेलं गेलं चुलीत! मी त्यांना अंगणात नेलं आणि हळूच म्हणालो, "नानाजी, मी खोके ठोकतो. रिकामे."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अच्छा. असंच सांगा लागते ना तुम्हाले?"

"खरंच खोके!"

"मी कोणाले नाही सांगत, बेटा." त्यांचे डोळे भरून आले होते.

मी इतका रडवेला झालो, की त्यांनाच दया आली. "चलो," ते म्हणाले, "आमच्या रेल्वेच्या दवाखान्यात कान दाखवू. पडदा शाबूत निघाला तं विचार करू."

तिथल्या कंपाउंडरनं पितळी पिचकारी भरली आणि कानात सोडली. मी डोळे मिटून छर्रे पडल्याचा आवाज ऐकायला बसलो. तसराळ्यात टप्पकन काहीतरी पडलं. कंपाउंडरनं ते चिमट्यानं उचलून उजेडात धरलं.

"लकड़ी का बुरादा है, साहब. मैल में जम गया था. भैया बढ़ई हैं क्या?"

डाव्या कानानं ऐकलेलं हे पहिलं वाक्य. नानाजींनी तो सागवानी भुशाचा गोळा नीट पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, "म्हणजे खोकेच." त्याच महिन्यात साखरपुडा झाला.

लग्नानंतर कुसुमला मी सारं खरं सांगितलं. ती म्हणाली, "काहून सांगितलं? मी तं बारूदवाल्याले हो म्हटलं होतं."

माझं खरं तिनं मनावर घेतलंच नाही. आईची गोष्ट तिनं पुढे चालवली, आणि आता तर तिच्या गोष्टीत माझ्या कानातून लोखंडाचा तुकडा निघतो. पाहुणे हळहळतात. दर वेळी मी ठरवतो, की आज सांगायचं, मी खोके ठोकायचो. पण ती तुकड्यापाशी येते आणि माझा डावा कान ठणकायला लागतो.