लिंबाजीच्या टोपलीतला कोळसा

डोंगरकडा गावाहून सकाळी मोटार निघाली, म्हणजे आम्ही ती ढकलून काढली. युरोपातल्या लढाईने पेट्रोल गिळल्यापासून निजामाच्या मुलखातल्या या मोटारीच्या पाठीला पिंपाएवढी भट्टी जोडली आहे. तिच्यात लोणारी कोळसा (लाकूड जाळून केलेला) पेटवायचा आणि त्याच्या वायूवर गाडी हाकायची. मला हिंगोलीला आगगाडी गाठायची होती, म्हणून नाक धरून बसलो. पुढच्या बाकावर एक धनगर आणि त्याची बायको. दोन दिवस बाळंतपणात अडलेली बाई, तिला हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायचे होते. ती ओरडत नव्हती, याचीच मला भीती वाटत होती.

कळमनुरीच्या अलीकडे चढावर मोटारीने मान टाकली. कोळसा संपला होता.

"नुसतं लाकूड चालत न्हाई, साहेब. धुरानं यंत्र चोंदतं," ड्रायव्हर रहीमभाई म्हणाला. "वाडीत बघू."

वाडी आंधांची (डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी जमात). भोवती रान असेल असे मला वाटले होते. होते नुसते खुंट. ठेकेदाराच्या भट्ट्या विझल्या होत्या आणि कोळशाच्या गाड्या कालच गेल्या होत्या. एका दारात मात्र टोपलीभर कोळसा दिसला, वर हळदकुंकू वाहिलेला. धंद्याची पूजा असेल, असे समजून मी शहाण्यासारखा भाव विचारला.

"इकायचा न्हाई, दादा," दारातला म्हातारा लिंबाजी म्हणाला. "आमचा मोह हाय त्यो. उद्या कयाधू नदीत सोडायचा."

हे समजायला मला बराच वेळ लागला. वाडीच्या मधोमध थोरला मोह होता. त्याची फुले कुणी तोडत नसे. पडतील ती वेचायची आणि पहिली ओंजळ परत बुंध्याशी ठेवायची. त्याच्या हिरव्या फांदीला कुऱ्हाड लावणाऱ्याला वाडीत कुणी पाणी देत नसे. ठेकेदाराने तोच पाडून भट्टीत घातला. मग वाडीने सुतक धरले आणि लिंबाजीने त्याचे कोळसे अस्थींसारखे वेचून आणले.

"भट्टी कोणी पेटवली?" मी विचारले.

"म्याच. दुसऱ्यानं पेटवलीच असती. आग आपल्या मानसानं द्यावी." मग त्यानेच मला विचारले, "गोऱ्या साहेबाची न्‌ जर्मनाची लढाई हाय म्हंत्यात. त्या जर्मनाचं आमच्या मोहानं काय केलतं?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावे, तर चोर कोण हेच मला ठरवता येईना. जर्मन, साहेब, ठेकेदार, की कोळशाच्या मोटारीतून आलेला मी? मला लाजही वाटत होती आणि ती टोपलीही हवी होती.

रहीमभाईने बाईची हकीकत सांगितली. लिंबाजीने उठून टोपली स्वतःच डोक्यावर घेतली.

"जल्मभर पोटाला घातलं त्यानं. आता काहून न्हाई म्हनंल? राख तेवढी कयाधूत सोडा. तुमीच सोडा, दादा."

एकेक कोळसा कपाळाला लावून त्याने मोटारीच्या भट्टीत टाकला. मोटार सुरू झाली. पाठीला ऊब लागत होती. हात जोडावेत की खोकावे, मला समजेना.

हिंगोलीला पोचेतो दिवेलागण झाली आणि माझी आगगाडी गेली होती. बाईला दवाखान्यात घेतले. सकाळी धनगर मला शोधत आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मी मोटारीच्या भट्टीतली राख पंच्यात बांधून कयाधूवर गेलो. वैशाखातले घोट्याएवढे पाणी. वडिलांच्या अस्थी सोडताना मंत्र पाठ होते. इथे एकही लागू पडेना. शेवटी मंत्राविनाच पंच्याची गाठ सोडून राख पाण्यात जाऊ दिली.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी न्हाणीचा बंब पेटवला. लोणारी कोळसाच होता, नेहमीसारखा पोत्याने घेतलेला. पत्नीने भांडी घासायला राख मागितली. मी ती दिली. पण कोणाची दिली, हे मला अजून कळलेले नाही.