टिपायचं, पुसायचं नाही

लोटे एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यातलं माझं कंत्राट संपलं तेव्हा आमची मुलगी चार महिन्यांची होती. बायको मालगुंडला शाळेत शिकवते. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि मी घरीच होतो, त्यामुळे ठरवण्यासारखं काही उरलंच नाही. सकाळी साडेसहाच्या एसटीने ती जायची आणि संध्याकाळी पाचला परत यायची. तोवर मांडवीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि मुलगी.

नुसतं मूल सांभाळायचं असतं तर निभलं असतं. पण तिच्या मानेच्या वळ्यांत, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत लाल चट्टे उठायचे आणि ती ते खाजवून रक्त काढायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "त्वचा फार नाजूक आहे. बरी होईल, पण वेळ लागेल. कोमट पाणी, पाच मिनिटं अंघोळ, साबण नको, तेल नको. अंग पुसायचं नाही, टिपायचं. आणि ओलसर आहे तोवरच क्रीम लावायचं. दिवसातून चारदा." मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. "हे काय झालंय?"

तीन वर्षं केमिकलचे ड्रम धुऊन माझे तळहात सोलले होते, बोटांना भेगा पडल्या होत्या.

"या हातांनी लावू नका. ओरखडे उठतील तिला."

म्हणून मी मनगटाच्या आतल्या बाजूने क्रीम लावायला शिकलो. मनगटावर बोटभर घ्यायचं आणि ते हलकेच तिच्या गालावरून, गळ्याखालून फिरवायचं. तिची नखं दर दोन दिवसांनी कापायची, हातमोजे घालायचे. तिने ते चोखून ओले केले की बदलायचे. लाळ गळली की हनुवटी टिपायची. कपडे दोनदा साध्या पाण्यातून काढायचे, आणि ते खाऱ्या हवेत वाळायचेच नाहीत, म्हणून पंख्याखाली दोरी बांधायची. सकाळचं उरकेपर्यंत दहा वाजायचे. दुपारी पुन्हा तेच.

तिला बाहेर नेता येत नसे. ऊन लागलं, घाम आला, की चट्टे पेटायचे. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर, पण दोन महिने मी तो पाहिला नव्हता. जेटीकडे फिरायला जाणाऱ्या माणसांचं बोलणं खिडकीतून आत यायचं. माझे मित्र रस्त्यावरूनच ओरडायचे, "काय बाळंतीण, बरी आहेस ना?" पहिल्यांदा मी हसलो. नंतर खिडकी लावून घ्यायला लागलो.

शेजारी एक म्हाताऱ्या काकी राहायच्या. आमच्या आळीतली कितीतरी पोरं त्यांनी न्हाऊ घातलेली. एका बुधवारी त्या दारात येऊन म्हणाल्या, "तोंड बघ तुझं कसं झालंय. जा, तासभर फिरून ये. मी बघत्ये पोरीकडे."

मी चपला घातल्या आणि निघालो. जेटीवर बसून चहा घेतला, मग आणखी एक घेतला. होड्यांकडे बघत बसलो आणि वेळेचं भान राहिलं नाही. परत आलो तर मुलगी गाढ झोपली होती आणि काकी खुशीत होत्या. "तेल चोपडलं, डाळीचं पीठ लावून अंग चोळलं, न्हाऊ घातली. बघ कशी झोपल्ये."

संध्याकाळपर्यंत मुलीचं पोट, पाठ, मांड्या सगळं लालभडक झालं होतं. बायको आली, झबलं वर करून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तू कुठे होतास?"

"जेटीवर."

मग ती क्रीम घेऊन मुलीजवळ बसली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी काकी उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "माझ्या हातून झालं रे," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

"तुम्हाला मी सांगितलंच नव्हतं, काकी," मी म्हणालो. ते खरंच होतं. पण त्यामागचं खरं मी कुणालाच सांगितलं नाही. तेल लावू नका, पीठ लावू नका, अशी यादी वाचली असती तर त्या घाबरून नको म्हणाल्या असत्या आणि माझं बाहेर जाणं राहिलं असतं. म्हणून मी गप्प राहिलो होतो.

पंधरा दिवसांनी लोट्याहून सुपरवायझरचा फोन आला. मुलगी मांडीवर, माझ्या मनगटावर क्रीम. फोन खांद्याने कानाशी धरला.

"सोमवारपासून ये. फर्स्ट शिफ्ट आहे."

"नाही जमणार, साहेब."

"का, दुसरीकडे लागलास?"

"नाही. घरीच आहे."

"घरी काय करतोस?"

"मुलीला क्रीम लावतोय."

तो हसला. मी चेष्टा करतोय असं त्याला वाटलं असावं. मग "बघ बाबा" म्हणून त्याने फोन ठेवला.

आपण काही मोठं केलं असं मला मुळीच वाटलं नाही. आतून कडी घातली, आणि तीही मीच, एवढंच वाटलं. तेवढ्यात मुलगी रडायला लागली आणि मला तिचा राग आला. सहा-सात महिन्यांच्या पोरीचा राग. तिला पाळण्यात ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याला धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. ती रडत राहिली. थोड्या वेळाने तिचं रडणं बदललं. हातमोजा निघाला असणार, ती खाजवत असणार, हे मला आवाजावरून कळलं. मी हात धुतले आणि बाहेर आलो.

दीड वर्षाची झाली तेव्हापासून चट्टे कमी होत गेले. आता ती चार वर्षांची आहे. थंडीत गुडघ्यामागे थोडं येतं, तेवढंच. मी गावातच एका दुकानात कामाला लागलोय. पाहुणे आले की बायको त्यांना कौतुकाने सांगते, त्या वर्षी सगळं यानेच केलं. पाहुणे म्हणतात, नशीबवान आहे पोरगी. मी त्यांच्यापुढे चहाचे कप ठेवतो आणि विषय बदलायची वाट बघतो.