आवडीच्या तळ्यातला श्रावण

रत्नाकरांना निवृत्त व्हायला सोळा दिवस उरले होते आणि त्यांची एकच इच्छा शिल्लक होती. ती मोक्षाची वगैरे नव्हती. क्वार्टर्समागच्या तळ्यात, मोडक्या पायऱ्यांपाशी राहणारी मोठी मरळ एकदा त्यांच्या गळाला लागावी आणि निरोपाच्या जेवणात तिचं कालवण कारखान्यातल्या सोबत्यांना स्वतःच्या हातानं वाढावं, एवढंच. पत्नी प्रमोदिनीबाई सामान बांधत होत्या. तीस तारखेनंतर तमिळ मुलखातली ही आवडी सुटणार आणि मिरजेला जायचं. तिथे घराजवळ नळ होता, बोअर होतं, तळं नव्हतं.

सत्तावीस वर्षं कारखान्यात लेथ चालवलेला हा माणूस बोलायला तसा कमी. पण वर्षातून एकदा, आषाढ लागला की, त्याला वाचा फुटायची. रत्नाकरांचे वडील कृष्णेकाठचे. त्यांचा नियम होता, आषाढ लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत गळ ओला करायचा नाही. मासळी पोटुशी असते, पिल्लं घेऊन हिंडते, तेव्हा तिला दगा द्यायचा नाही. रत्नाकर हा नियम आवडीत घेऊन आले तो लोणच्याच्या बरणीसारखा, सीलबंद. जुलैत गळ कपाटावर जायचा. मग ते संध्याकाळी रिकाम्या हातांनी तळ्यावर जाऊन बसायचे आणि गळ टाकणाऱ्या तमिळ सोबत्यांना, विशेषतः सेल्वमला, दयाधर्म शिकवायचे. सेल्वम 'सरी सार', म्हणजे 'बरं साहेब', म्हणायचा आणि मासा पिशवीत टाकायचा.

त्या संध्याकाळी खरं तर फार सुंदर असत. तळं आटून अर्धं झालेलं. काठचा चिखल उन्हानं तडकलेला, त्याच्या भेगांत बगळ्यांचे पाय. उरलेलं पाणी इतकं स्थिर, की आवडीची लोकल पलीकडून गेली की तिच्या खिडक्या पाण्यातून सरकत जायच्या आणि रत्नाकरांना वाटायचं, आत खाली एक वेगळंच गाव आहे, तिथलीच माणसं कामावरून घरी निघालीत. आपण श्रावण पाळतो, खालच्या गावात बाळंतपणं चाललीत, सगळं कसं शांत आहे, अशा गुंगीत ते अंधार पडेपर्यंत बसत. पाण्याचा एक थेंब आभाळातून पडलेला नाही, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नाही.

पुण्याचं फळही रोख मिळायचं. दिवाळीच्या आगेमागे पाऊस लागायचा, तळं भरायचं, आणि मरळी अशा काही चवताळायच्या की गळाला लावलेला रबरी बेडूक पाण्याला टेकायचा अवकाश. रत्नाकर घरी येऊन प्रमोदिनीबाईंना सांगायचे, बघ, श्रावण पाळला की असं होतं.

त्या शनिवारी सकाळी पाऊस नुकता थांबला होता. तळं काठोकाठ, रंग चहासारखा. पायऱ्यांपाशी पाण्यावर परातीएवढा लालसर ठिपका हलताना त्यांना दिसला. पाणी तिथेच तेवढं उकळत होतं. शेवाळ असेल म्हणून त्यांनी बेडूक त्याच्या कडेला टाकला. पाणी फुटलं, काठी वाकली, आणि दहा मिनिटांनी हातभर लांब, काळी, सापाच्या तोंडाची मरळ पायरीवर होती. तीन वर्षांची ओळख असल्यासारखी ती त्यांच्याकडे बघत होती.

मरळ हवेवर तास न् तास जगते. ओल्या पोत्यात गुंडाळून त्यांनी ती स्कूटरवरून घरी आणली आणि मोरीतल्या टबात सोडली. कालवण रविवारी होतं. तोवर दर्शनाला माणसं यायला लागली. त्यात शेजारचे उपेंद्रराव आले. हे तंजावरकडचे, बँकेतून निवृत्त. घरात पिढ्यान् पिढ्या मासा शिजलेला नाही, आणि मराठी अशी, की ऐकणाऱ्याला आधी ताम्रपट वाटावा आणि मग मध्येच तमिळ निघावं. त्यांनी लांबूनच टबात डोकावून पाहिलं आणि विचारलं, हिच्याजवळ लाल काही दिसलं होतं का?

रत्नाकरांनी कौतुकानं सांगितलं, दिसलं की, परातीएवढं.

उपेंद्ररावांनी चष्मा पुसला. ती पिल्लं, ते म्हणाले. त्यांच्या लहानपणी कालव्यात अशीच दिसायची. ऐप्पसी-कार्तिगैत, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकात, पाऊस लागला की विराल, म्हणजे हीच मरळ, पिल्लांचा लाल गोळा घेऊन फिरते. भुकेनं नव्हे, राखणीसाठी समोर येईल त्याच्यावर धावते. मच्छीमारसुद्धा तेवढे दिवस तिला हात लावत नसत. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "रत्नाकरराव, तुम्ही श्रावण पाऊस बघून पाळलात, का पंचांग बघून?"

रत्नाकरांनी मनात हिशेब मांडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. कृष्णेकाठी पाऊस आषाढात पडतो. इथे कार्तिकात. वडिलांनी पावसाचा नियम सांगितला होता, त्यांनी तारखेचा ऐकला. सत्तावीस वर्षं कोरड्या तळ्यावर बसून त्यांनी दया केली होती आणि भरल्या तळ्यावर नेमके आईबाप उचलले होते.

प्रमोदिनीबाईंनी खोक्याला दोरी बांधता बांधता म्हटलं, "तरीच. मी म्हणायचे, दिवाळीनंतरचे मासे एवढे खुळे कसे."

रत्नाकरांनी पोतं पुन्हा भिजवलं, मरळ गुंडाळली, स्कूटर काढली. आता सोडली तर परत तिच्यावर गळ टाकता येणार नव्हता. पिल्लं मोठी व्हायला महिना जाणार आणि त्यांच्यापाशी पंधरा दिवस होते. वाटेत पोत्यातून एकदा शेपटी हलली, पाठीवर कुणी थोपटावं तशी.

तळ्यावर सेल्वम होता. पायऱ्यांपाशी उभा राहून तो त्याच लाल ठिपक्यावर नेम धरत होता. ठिपका परातीचा ताटलीएवढा झाला होता आणि कडेनं जिलेबी मासे, म्हणजे आपल्याकडची चिलापी, घुटमळत होते.

"सेल्वम, थांब. पिल्लं आहेत ती."

"तुमचा श्रावण संपला की, सार," सेल्वम हसत म्हणाला.

"चुकीचा पाळला," रत्नाकर म्हणाले. हे वाक्य तमिळमध्ये म्हणायला त्यांना तीन प्रयत्न लागले.

ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि पोतं उलगडलं. मरळ क्षणभर त्यांच्या हातांवरच राहिली, मग बुडाली. ती आई होती की बाप, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. ठिपका फाटला, लाल धागे सगळीकडे पांगले. मग खालून एक काळी सावली आली, तिच्या बाजूनं दुसरी, आणि धागे हळूहळू त्या सावल्यांवर येऊन गोळा झाले. जिलेबी फटकन बाजूला झाल्या. रत्नाकर पाण्यात तसेच उभे होते. पँट भिजत होती. ढग पायांखालून जात होते.

सेल्वमनं विचारलं, मग उद्याच्या जेवणाचं काय?

"जिलेबी पकड. त्याच पिल्लं खातात."

काटे फार असतात, सेल्वम कुरकुरला. पण तो पलीकडच्या काठाला गेला. रत्नाकर त्याची पिशवी धरून मागोमाग गेले आणि जिलेबी कुठे जमतात ते बोटानं दाखवत राहिले.