इंगोले सरांचा मासा

नदीवर गेल्यावर इंगोले सर आधी दगड उलटत. आमच्या शेलूबाजारात लोक कणकेची गोळी लावून मासे धरतात. हे निवृत्त विज्ञानशिक्षक मात्र अडाण नदीत गुडघाभर पाण्यात उभे राहून दगडाखालचे किडे न्याहाळत आणि घरी येऊन कोंबड्याचं पीस अन् शिवणाचा दोरा गळावर गुंडाळून तसाच किडा बनवत. त्याला ते ‘निम्फ’ म्हणत. या निम्फपायी आमच्या कोंबड्याच्या मानेवर पीस राहिलं नव्हतं.

एवढा खटाटोप करून मासा लागला, की फोटो काढायचा आणि मासा सोडून द्यायचा! “मी माशाले हरवाले येतो, खायले नाई,” असं वर आम्हालाच ऐकवत. शहाणपणाला नुसता ऊत आला होता.

माझे वडील, आबा, अखेरच्या दुखण्यात अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना नदीच्या माशाची वासना झाली. बाजारातला तळ्याचा मासा त्यांनी जिभेला लावून थुंकून टाकला. शेवटी मी नाक मुठीत धरून सरांकडे गेलो. सरांनी हातभर मासा धरला आणि सवयीनं सोडूनही आले! वर आबांपुढे मोबाइल धरून उभे.

“आता या फोटोले फोडणी देऊ का?” मी ओरडलो.

आबा मात्र हसले. कित्येक दिवसांनी हसले. “मास्तर, कसा चमकून राह्यला हा! उद्या आनखी दाखव.”

मग रोज संध्याकाळी फोटो. ज्याचं तोंड पाहू नये वाटायचं, त्याची वाट मी दारात उभा राहून पाहू लागलो. लाज वाटायची, पण फोटो पाहिल्याशिवाय आबा वरणाचं पाणीही घेत नसत.

एका संध्याकाळी सर रिकामेच आले. “आज नाई गावला.”

मी त्यांना अंगणात ओढलं. “सर, कालचाच दाखवा ना. त्याइले काय समजते?”

“नाई. आबाले खोटा मासा दाखवनार नाई.”

जन्मभर खोटे किडे दाखवून मासे फसवणारा हा माणूस! त्याला नेमकी आताच सत्याची उबळ आली. मी नाही नाही ते बोललो आणि त्यांना फाटकाबाहेर काढलं.

“काहून बोलला त्याले?” आबा आतून म्हणाले. “उद्या बोलाव. तो खोटं दाखवत नाई, म्हनून तर त्याचा मासा खाल्ल्यावानी लागते मले.” मग स्वतःहून त्यांनी दोन चमचे वरणाचं पाणी मागून घेतलं.

सकाळी मी सरांकडे गेलो. पण आबा गेल्याचं सांगायला.